खिचडी आठवीपर्यंतच

दुपारी प्रशालेची मधली सुट्टी होते. जालना जिल्ह्यातल्या परतूर-मंठ्याकडच्या एखाद्या मोठ्या गावातली शाळा. दगडी जोत्यावरच्या जुन्या खोल्या, त्यांना काटकोनात जोडलेली नवी सिमेंटची इमारत, मधे मैदान, कडेला लिंबाची दोन-चार झाडं आणि मागच्या अंगाला पत्र्याचं स्वयंपाकघर. घंटा होताच पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या घेऊन नळावर धावतात, हात धुतात, व्हरांड्यात पंगत धरतात. दोघी स्वयंपाकी बायका पातेलं दोन्हीकडून धरून आणतात. आज मटकीची खिचडी आहे. वाढणाऱ्या बाईला कोण किती खातं ते पाठ असतं. एका पोराच्या ताटात ती न विचारता दुसरा डाव टाकते, कारण त्याच्या घरी सकाळी चूल पेटत नाही हे तिला ठाऊक असतं. तिच्या कामाचं मानधन २०२३ मध्ये महिन्याला दीड हजारांवरून अडीच हजार झालं.

त्याच वेळी त्याच मैदानात नववी-दहावीची मुलं लिंबाखाली बसलेली असतात. काहींनी डबे उघडलेले असतात. त्यात भाकरी, ठेचा, कोरडं बेसन. काही जण टपरीवरून पाच रुपयांचा पुडा घेऊन येतात. ज्यांचं घर गावातच आहे ती घरी जातात, आणि त्यांतली काही दुपारच्या तासाला परतत नाहीत. ताटलीच्या रांगेत ती नसतात, कारण त्यांना रांगेत बसायचा हक्कच नाही. पोषण आहाराची योजना पहिली ते आठवीसाठी आहे. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. नववीच्या मुलामागे एक दाणाही नाही. खिचडी उरली तर काही शाळांत ती मोठ्या मुलांना बोलावून वाढतात. अशा ताटाची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

लिंबाखाली बसलेल्यांपैकी एक मुलगी मे महिन्यापर्यंत आठवीत होती. तिला पुस्तकं फुकट होती, गणवेश मिळत होता, दुपारचं जेवण होतं, आणि ती शाळेत आली नाही तर तिला शोधून आणायची जबाबदारी कायद्याने सरकारवर होती. जूनमध्ये ती नववीत गेली. शाळा तीच, खोली फक्त पलीकडची. आणि या चारही गोष्टी एका दिवसात संपल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता आहे. जालना जिल्ह्यातल्या सरकारी शाळांचं दुखणं समजून घ्यायचं तर आठवी-नववीमधल्या या रेघेपाशी उभं राहावं लागतं. इथे सगळं तिच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतं.

जिल्हा परिषदेचं हायस्कूल

सातारा, कोल्हापूर किंवा अहिल्यानगरच्या वाचकाला 'जिल्हा परिषदेचं हायस्कूल' ही कल्पना थोडी अनोळखी वाटेल. तिकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढे रयत किंवा अशाच एखाद्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि गावोगावच्या शेतकऱ्याने धान्य, जागा, श्रम देऊन ती उभी केली. मराठवाड्यात तसं घडू शकलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे खाजगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागायची आणि ती सहजी मिळत नसे. तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल, अशा पायऱ्या होत्या. पहिली पायरी मातृभाषेत चढता येई. वरच्या पायऱ्यांवर माध्यम उर्दू होतं. घरात मराठी बोलणारं पोर वस्तानियाच्या उंबऱ्यावरच अडखळायचं. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसांनी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला राष्ट्रीय शिक्षण चालवलं. पण हायस्कूल मुख्यतः सरकारी, आणि तेही मोठ्या गावापुरतं.

१९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर माध्यम मराठी झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हा ही सरकारी हायस्कुलं जिल्हा परिषदांच्या ताब्यात गेली. त्यांनाच आज 'प्रशाला' म्हणतात. तेव्हाचा जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका. १ मे १९८१ ला वेगळा जालना जिल्हा झाला, परभणीकडून परतूर आलं, आणि या प्रशाला नव्या जिल्हा परिषदेच्या झाल्या. पुढे बदनापूर, मंठा आणि घनसावंगी धरून तालुके आठ झाले. मत्स्योदरी शिक्षण संस्था, जालना एज्युकेशन सोसायटी यांच्यासारख्या संस्थांनी नंतर मोठं काम उभं केलं, आणि आता गल्लोगल्ली इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात. तरी ज्याच्याकडे फी नाही आणि ओळखही नाही, त्याचं हायस्कूल अजून प्रशालाच आहे.

या शाळांच्या कपाटांत काय दडलंय ते २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला कळलं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालं. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुलाच्या कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं काढली गेली. कापडी बांधणीची, कडा झिजलेली, काही उर्दूत लिहिलेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मान आला. मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेर लोक आजोबा-पणजोबांची नावं घेऊन उभे राहिले. जातीचा रकाना सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला.

त्याच पानावर आणखी एक रकाना असतो: शाळा सोडल्याचं कारण. 'गाव सोडले', 'सतत गैरहजर', 'पालकाच्या विनंतीवरून'. जातीच्या रकान्यासाठी समिती बसली हे योग्यच झालं, लोकांचा हक्क त्यावर अवलंबून होता. पण शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना कोणी ओळीने वाचला, तर या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा इतिहास त्यात सापडेल. दुष्काळ, लग्न, ऊसतोड आणि बापाचं मरण, सगळं तिथे दोन-दोन शब्दांत लिहिलेलं आहे.

तीस सप्टेंबरचा पट

शाळा बाहेरून मुलांवर चालते असं वाटतं. आतून ती पटावर चालते. दरवर्षी ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत यावरून पुढच्या वर्षी किती शिक्षक मिळणार ते ठरतं. या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. आता पट वहीत लिहून भागत नाही. मुलाचं नाव संगणकावर, आधारशी जुळलेलं हवं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असेल, नावात काना-मात्रा इकडेतिकडे असेल, तर वर्गात जिवंत बसलेलं पोर हिशेबात नसतं. मग एक शिक्षक मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर दिवस घालवतो. त्या दिवशी त्याचा गणिताचा तास बुडतो. तो बुडवला नाही तर पुढच्या वर्षी गणिताचा शिक्षकच उरणार नाही, हे त्याला माहीत असतं.

सहावी ते आठवीला कायद्याने पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, भाषा व सामाजिक शास्त्र यांसाठी वेगवेगळा पदवीधर शिक्षक हवा. छोट्या गावांत हे गणित मोडतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. वरच्या वर्गांचा पट वीसच्या आत गेला की तिथे नियमित शिक्षकाचं पदच मिळत नाही, असा त्याचा परिणाम झाला आणि त्याविरुद्ध शिक्षक संघटना राज्यभर रस्त्यावर आल्या. जालन्यासारख्या जिल्ह्यात याचा अर्थ सरळ आहे. वाडीतली सातवी-आठवी बंद झाली की मुलगा सायकलवर शेजारच्या गावी जाईल. मुलगी जाईलच असं नाही.

भरतीची गोष्टही अशीच. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि नंतर 'पवित्र' पोर्टल व अभियोग्यता चाचणीची वाट खुली व्हायला वर्षं गेली. पहिली चाचणी २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये. मधल्या काळात जे शिक्षक निवृत्त झाले त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. इंग्रजीचा शिक्षक भूगोल घेऊ लागला, भूगोलाचा शिक्षक शारीरिक शिक्षण. नवे आले ते तीन वर्षांसाठी शिक्षणसेवक म्हणून, प्राथमिकला महिना १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार मानधनावर. लातूर-सोलापूरकडची तरुण मुलं-मुली भोकरदन-जाफराबादच्या डोंगरकडेला खोली भाड्याने घेऊन राहतात आणि आल्या दिवसापासून जिल्हा बदलीचा हिशेब करतात. त्यांना दोष देता येत नाही. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होण्याचं बंधन घातलं. पंचेचाळीस-पन्नाशीचे गुरुजी शाळा सुटल्यावर स्वतःच अभ्यासाला बसले. हे बंधनही पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. कायदाच तिथवर आहे.

एवढ्या धबडग्यात शिकवणं होतं का? होतं, आणि कित्येक ठिकाणी मन लावून होतं. सकाळी जादा तास घेणारे, दहावीच्या मुलांना रात्री शाळेत अभ्यासाला बसवणारे, स्वतःच्या खिशातून प्रयोगाचं सामान आणणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत. त्यांचं वाईट एवढंच वाटतं की, त्यांच्या चांगुलपणावर व्यवस्था फार जास्त भार टाकते.

निळी बस

सकाळी पावणेदहाला फाट्यावर मुली उभ्या असतात. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, काहींच्या हातात पाण्याची बाटली, काहींच्या डोक्याला उन्हासाठी बांधलेली ओढणी. लांबून निळा रंग दिसला की गलका होतो. ही मानव विकासची बस. राज्याने २००६ मध्ये मानव विकास निर्देशांकात मागे पडलेले बारा जिल्हे निवडून मानव विकास मिशन सुरू केलं, त्यात जालना होता. पुढे ते तालुक्यांच्या पातळीवर गेलं आणि मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना घरापासून शाळेपर्यंत मोफत नेणाऱ्या एसटी गाड्या धावू लागल्या. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल. शिवाय अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास फुकट आहेच.

आठवीची रेघ ओलांडून पलीकडे पोहोचणारी ही बस मोजक्या सरकारी गोष्टींपैकी एक, म्हणून तिचं मोल फार. गाव लहान, रस्ता सुनसान, शाळा सहा-सात किलोमीटरवर; अशा वेळी आई-बापाच्या डोक्यात अभ्यासक्रम नसतो, रस्ता असतो. 'पोरगी मोठी झाली, एकटी कशी धाडावी' हे वाक्य या भागातल्या प्रत्येक शिक्षकाने ऐकलेलं आहे. त्यावर कितीही भाषण दिलं तरी उपयोग होत नाही. फाट्यावर वेळेवर येणारी बस हेच त्याचं उत्तर असतं. बसमध्ये गावच्या दहा मुली सोबत असतात, चालक-वाहक रोजचे ओळखीचे असतात आणि संध्याकाळी ती कितीला परतणार ते घरात ठाऊक असतं.

बस बंद पडली की काय होतं, तेही या जिल्ह्याने पाहिलं आहे. कोविडमध्ये दीड-एक वर्ष बंद राहिलेल्या शाळा ग्रामीण भागात २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडल्या, पाचवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. आणि लगेच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांचं दुःख खरं होतं. पण फाट्यावरच्या मुलींसाठी ते शाळा बंद राहण्याचं आणखी एक वर्ष ठरलं. काही घरांनी या काळात लग्नं उरकून घेतली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी पाचातल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जालन्यात हे प्रमाण साधारण तीनात एक आहे. चौदा ते अठरा ही लग्नाची घाई होण्याची वर्षं, आणि नेमकी तीच वर्षं कायद्याने मोकळी सोडलेली.

शाळाबाह्य मुलांची मोजदादही बरीच वर्षं याच रेघेवर थांबायची. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात घरोघर जाऊन शाळाबाह्य मुलं शोधली गेली, तेव्हा वय धरलं होतं सहा ते चौदा. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी त्या यादीत येऊच शकत नव्हती. अलीकडच्या शोधमोहिमांत अठरापर्यंतची मुलं मोजू लागलेत, हे चांगलं झालं. मोजल्यावर तिला परत आणायचं कशाच्या जोरावर, हे मात्र अजून कोणी ठरवलेलं नाही.

कापूस आणि कोयता

जालना म्हटलं की शहरातल्या माणसाला सळया बनवणारे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबी आठवते. खेड्यातल्या शाळेला आठवतो कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात आणि वर्ग विरळ होतात. वेचणी किलोवर असते. जितके हात तितके पैसे. मुलींची बोटं चपळ म्हणून त्यांनाच आधी बोलावणं. ज्यांच्या घरी स्वतःचा कापूस आहे त्यांना तर घरचंच काम, नाही म्हणायची सोय नसते. सहामाही परीक्षेनंतर सुट्टी लागते, ती कापसाच्या घरात महिनाभर लांबते. अनुभवी मुख्याध्यापक या दिवसांत हजेरीवरून कोणावर ओरडत नाहीत. सकाळी वेचणी आणि दुपारी शाळा असा तोडगा ते स्वतःच पालकांशी ठरवतात, आणि अर्ध्या दिवसासाठी का होईना मूल वर्गात टिकवतात. नियमात बसो न बसो, हा शहाणपणा आहे.

कोयत्याचं दुःख याहून मोठं. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातून दिवाळीनंतर ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. ती फेडायला नवरा-बायकोची जोडी कोप्यांवर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. लेकरू कोणाजवळ ठेवायचं? यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. आई-बाप ऊसतोडीला गेलेलं मूल गावातच आजी किंवा चुलत्याकडे राहतं, आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात लाइटीखाली पोरं अभ्यासाला बसतात, मग गरम भाकरी खाऊन आजीकडे झोपायला जातात. ज्या गावात हे नेटाने चालतं तिथे टोळीबरोबर जाणारी मुलं डोळ्यांदेखत कमी होतात. अनुदान उशिरा येतं, वसतिगृह दिवाळीऐवजी डिसेंबरात उघडतं, आणि तोवर टोळी निघून गेलेली असते. ही तक्रार मात्र वर्षानुवर्षं तीच आहे.

आणि इथेही सहा ते चौदा. नववीतल्या मुलीसाठी हंगामी वसतिगृह नाही. तिचे आई-बाप कारखान्यावर गेले की तिच्यापुढे दोनच वाटा असतात. एक, मागे राहून म्हातारी आणि धाकटी भावंडं सांभाळायची. दुसरी, टोळीबरोबर जायचं. तिथे ती कोप्यावर भाकऱ्या थापते, पाणी भरते, आणि वर्षा-दोन वर्षांत नवरा मिळाला की तिची स्वतःची जोडी होते, कारण जोडीला उचल मिळते. लहान वयातल्या लग्नामागे रूढी असतेच. इथे तिच्या पाठीशी रोख रकमेचा हिशेबही उभा असतो. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची निवासी सोय जिल्ह्यात आहे. ती योजना २००४ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलींसाठी सुरू झाली, आणि केंद्राची समग्र शिक्षा योजना आल्यावर तिला बारावीपर्यंत नेण्याचा मार्ग धोरणात मोकळा झाला. गावागावातून निघणाऱ्या टोळ्या पाहिल्या की या जागा किती अपुऱ्या आहेत ते कळतं.

उर्दू शाळा, तांड्यावरची शाळा

जिल्हा परिषदेच्या उर्दू माध्यमाच्या शाळा जालना, भोकरदन, अंबड, परतूर अशा गावांतून चालतात. एके काळी जी भाषा सगळ्यांवर लादलेली होती, ती आज गरीब मुस्लीम वस्तीतल्या लेकरांची घरची भाषा म्हणून शाळेत टिकून आहे, आणि ते टिकणं रास्त आहे. अडचण पुढे येते. उर्दूतून सातवी-आठवी झाल्यावर जवळ उर्दू हायस्कूल नसेल तर मूल मराठी प्रशालेत येतं आणि विज्ञानाच्या प्रत्येक शब्दापाशी थबकतं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी मराठी पोराचं जे व्हायचं, तेच आता उलट्या बाजूने.

मंठा-घनसावंगीकडच्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. तिथल्या पहिलीच्या वर्गात मराठी ही नवी भाषा असते. तांड्यावरची शाळा बहुतेक चौथी-पाचवीपर्यंत. पुढे गावात यावं लागतं. जिथे शिक्षकाने गोरमाटीतले पाच-पन्नास शब्द शिकून घेतले, तिथे मुलं बोलू लागतात.

बारा हजार रुपये

आठवीच्या वर्गात डिसेंबर जवळ आला की एक वेगळीच धांदल दिसते. फळ्यावर आकृत्यांच्या मालिका, संख्यांची कोडी, घड्याळाचे कोन. ही एनएमएमएसची तयारी. आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातलं, सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल तिला बसतं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, नव्वद-नव्वद गुणांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये थेट खात्यात. उत्तीर्ण होऊनही गुणवत्ता यादीत न आलेल्या मराठा-कुणबी मुलांना राज्य सरकारची 'सारथी' संस्था वर्षाला ९,६०० रुपये देते.

वर्षाला बारा हजार म्हणजे महिन्याला एक हजार. शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. पण घरात नववीच्या मुलीबद्दल बोलणी चालू असताना तिच्या नावावर येणारा हजार रुपया तिच्या बाजूने बोलतो. तिला शाळेतून काढलं तर तो बंद होतो, हे बापाला ठाऊक असतं. म्हणूनच जिल्ह्यातले कितीतरी शिक्षक या परीक्षेच्या मागे हट्टाने लागतात, रविवारी वर्ग घेतात, सराव प्रश्नपत्रिका स्वतः काढतात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालतात. मात्र साऱ्या महाराष्ट्राचा एनएमएमएसचा कोटा ११,६८२ आहे. हुशार मुलाला हात मिळतो. मधल्या फळीतलं, चाळीस-पन्नास टक्क्यांचं, शाळेत टिकण्याची सर्वांत जास्त गरज असलेलं मूल तसंच राहतं.

त्याच मुलाचं पुढे दहावीत काय होतं ते दर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतं. २०२५ च्या फेब्रुवारीत दहावीच्या पहिल्याच, मराठीच्या पेपराला बदनापुरात उत्तरांच्या झेरॉक्स फिरल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं, ड्रोन हे सगळं त्याच परीक्षेत होतं. बंदोबस्त हवाच. पण अपूर्णांकाची बेरीज न येता आठवीपर्यंत सरकत आलेलं पोर नववीच्या बीजगणितापुढे उभं राहतं तेव्हा त्याला कोणी मागचं शिकवत नाही; वेळ नसतो, शिक्षक नसतो. डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण होण्याची तरतूद पुन्हा आली. तिचा उपयोग व्हायचा असेल तर फेरपरीक्षेच्या आधीचे आठवडे खरोखर शिकवण्यात जायला हवेत. नाहीतर आठवीत अडकलेली मुलगी घरी बसवायला तेही एक निमित्त होईल.

बिदरमध्ये, आदिलाबादमध्ये, जालन्यात

हैदराबाद संस्थानाचे १९५६ मध्ये तीन वाटे झाले. तेलंगणचे जिल्हे आंध्रात गेले, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात, मराठवाडा मुंबईत. शाळांचा वारसा तिघांनाही एकाच सरकारकडून मिळाला. आज कर्नाटकातल्या बिदरच्या सरकारी हायस्कुलात दहावीपर्यंतच्या मुलांना दुपारी शिजवलेलं जेवण मिळतं. तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये नववी-दहावीलाही मिळतं. केंद्राचे पैसे आठवीला थांबतात, तिथून पुढचा खर्च ती राज्यं स्वतःच्या तिजोरीतून करतात. तामिळनाडूने तर एम. जी. रामचंद्रन यांच्या काळापासूनच हे जेवण दहावीपर्यंत नेलं. जालन्याची नववीतली मुलगी मात्र अजून लिंबाखाली डबा उघडते, असला तर.

महाराष्ट्राला हे परवडत नाही असं म्हणता येणार नाही. मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण या राज्याने कधीचंच मोफत केलं. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची अभियांत्रिकी-वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ झाली. निर्णय मोठा आहे आणि त्याचं स्वागतच करायला हवं. पण त्या फीमाफीपर्यंत पोहोचायला आधी नववी, मग दहावी, मग बारावी गाठावी लागते, आणि २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्याच्या सुमारे दहा टक्के मागे असलेल्या या जिल्ह्यात गळती नववी-दहावीच्या दोन वर्षांत आहे. प्रशालेच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेलीच असते, बायका कामावर असतात, पातेलं चढलेलं असतं. त्यात नववी-दहावीचा तांदूळ घालायचा आहे. पुस्तकं बालभारतीच्या भांडारात छापून तयार असतात, ती दोन वर्ग पुढे न्यायची आहेत. हंगामी वसतिगृहाच्या यादीत चौदाऐवजी सोळा लिहायचं आहे. हे राज्य सरकारच्या हातात आहे, त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

तोवर शिक्षक आपापल्या परीने खिंड लढवतात. निकाल लागला की आठवीपर्यंतच्या शाळेतल्या मुलांचे दाखले निघतात. दाखला पालकाच्या हाती दिला आणि तो घरातल्या ट्रंकेत गेला की नववीचा प्रवेश होईलच याचा भरवसा नसतो. म्हणून काही मुख्याध्यापक पालकाची सही आधीच घेऊन ठेवतात आणि सगळे दाखले एका पिशवीत घालून स्वतः प्रशालेत नेऊन देतात. तिथे त्याच बैठकीत प्रवेश होतात, मानव विकासच्या बससाठी मुलींची यादी तयार होते आणि ती आगारात जाते. जूनच्या मध्यात शाळा उघडल्यावर यादीतली कोण आली नाही ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि वर्गशिक्षिका त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊ शकते.